पाखटीचे सोळा रविवार

नेपच्यूनकडे निघालेल्या ‘सागरिका’ यानावर उल्का तांडेलकडे शैवालाच्या टाक्यांचं काम होतं. बारा उंच काचेच्या नळ्यांत हिरवं पाणी संथ फिरत राहायचं. त्यातून पाच जणांना पुरेल एवढा प्राणवायू निघायचा, आणि नळ्यांचा उजेड भिंतींवर असा हलायचा की आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत असं वाटावं. काम शांत होतं, जरा जास्तच शांत. पृथ्वी सोडून पाच महिने झाल्यावर उल्काच्या लक्षात आलं की आपण दिवसभरात जेमतेम वीस वाक्यं बोलतो, आणि तीही पाण्याच्या तापमानाबद्दल.

म्हणून तिने प्रतिदेह बनवायला घेतला. प्रतिदेह म्हणजे पडद्यावर आपल्याऐवजी दिसणारी आकृती. समोरचा मुद्रावाचक आपला चेहरा टिपतो आणि ती आकृती तशीच हलते, बोलते. पृथ्वीवर कितीतरी हौशी माणसं असे प्रतिदेह घेऊन स्ट्रीम करायची. उल्का रेवदंड्याची. वडिलांच्या होडीतून तिने पाखट पाहिली होती, पंखांसारखे पर पसरून पाण्यातच उडणारा मासा. तिने निळसर, अर्धपारदर्शक पाखट काढली आणि तिला स्वतःचे डोळे दिले. परांचे सांधे जुळवण्यात सहा आठवडे गेले. सुरुवातीला उल्का हसली की पाखटीची शेपटी कपाळातून बाहेर यायची.

पहिला स्ट्रीम रविवारी संध्याकाळी पाच वाजता झाला. ती चाळीस मिनिटं बोलली आणि ऐकायला कुणीच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिघं आले, पण पंपाची घरघर तिच्या आवाजापेक्षा मोठी होती. तिने माइकला लोकरीचा मोजा चढवला. वार आणि वेळ बदलायची नाही हे ती शिकली. आकड्याकडे बघत बोललं की आवाज केविलवाणा होतो हेही शिकली. तीन महिन्यांत अकरा माणसं नेमाने येऊ लागली. ती शैवालाबद्दल बोलायची, खिडकीतल्या काळोखाबद्दल, रेवदंड्याच्या बाजाराबद्दल. आणि निळी पाखट हिरव्या उजेडात तरंगत राहायची.

अडचण होती प्रकाशविलंबाची. ती एक दिवस संदेशकक्षातल्या शशिकांत गुळवणींकडे गेली. ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते आणि यान व पृथ्वी यांच्यामधला प्रत्येक संदेश त्यांच्या हातून जायचा.

“लोक काही विचारतात आणि मी उत्तर देईपर्यंत निघून जातात, सर,” ती म्हणाली.

“जाणारच. तुझा शब्द तिथे पोचायला नऊ मिनिटं, त्यांचा प्रश्न इथे यायला आणखी नऊ. आपण रोज लांब चाललोय, आणि यानाचा वेगही वाढतोय. वर्षभराने हेच दोन-दोन तास होतील.”

“मग बंदच करू का?”

“प्रकाशाचा वेग काही वाढायचा नाही. पण उत्तर प्रश्नानंतरच निघालं पाहिजे असा कुठे नियम आहे? कोण काय विचारेल हे तुला कळत असेल तर उत्तर आत्ताच देऊन टाक. बोलताना तीन सेकंद थांब. तिथे तो माणूस तेवढ्यात प्रश्न लिहील, आणि त्याला वाटेल की तू लगेच उत्तर दिलंस.”

त्यासाठी अकरा माणसं पाठ व्हायला हवी होती. उल्काने त्यांचे जुने प्रश्न पुन्हा पुन्हा वाचले. साताऱ्याची परिचारिका कशालाही ‘दुखत नाही का?’ असं विचारायची. एक जण फक्त रंग विचारायचा. हळूहळू तिचे अंदाज बरोबर येऊ लागले. पृथ्वीवर लोकांना वाटू लागलं की पाखट शेजारच्या खोलीतून बोलते आहे. उल्काला मात्र बोलताना समोर कोरा पडदाच दिसायचा. प्रश्न सगळे मागाहून यायचे.

हे एकाच्या लक्षात आलं. वेंगुर्ल्याच्या विश्राम केळुसकरांनी उभी नोकरी भरती-ओहोटीची कोष्टकं करण्यात घालवली होती. त्यांनी तिला पत्र लिहिलं: आमच्याकडे गप्पा रंगतात, पण तू तिथे भिंतीशी बोलत असशील, हे बरोबर नाही. पुढच्या रविवारी उल्का नळ्या धुण्याबद्दल बोलून तीन सेकंद थांबली आणि त्याच क्षणी कोऱ्या पडद्यावर अक्षरं उमटली. ‘साबणाने धुतेस की नुसत्या पाण्याने?’ तिचं बोलणं ऐकण्याच्या किती तरी आधी केळुसकरांनी तो प्रश्न पाठवला होता. ती काय बोलणार हे त्यांनी ओळखलं होतं, ते काय विचारणार हे तिने. उल्काला रडू आलं आणि पाखटीचे डोळेही मिटले.

त्यानंतर दर रविवारी दोघं असे बोलत. विलंब दोन तासांवर गेला तेव्हा केळुसकर दुपारी तीनलाच आपले प्रश्न पाठवून देत आणि संध्याकाळी सातला तिची उत्तरं ऐकायला बसत. बाकीचे दहा जण बहुतेक वेळ ऐकतच राहत.

मग उल्काच्या दीर्घनिद्रेची पाळी आली. अन्न पुरावं म्हणून यानावरचा प्रत्येक जण आळीपाळीने चार महिने थंड झोपेत जायचा. तिने प्रेक्षकांसाठी निरोप लिहिला आणि पुसून टाकला. चार महिने कोण थांबेल? त्याऐवजी तिने सोळा रविवारांचे सोळा स्ट्रीम आधीच करून ठेवले, प्रत्येक प्रश्नासाठी तीन सेकंदांची जागा सोडून. हे फसवणं आहे का, असं तिने गुळवणींना विचारलं. ते म्हणाले की ते तुझं तू ठरव. तिने काहीच ठरवलं नाही आणि ती झोपी गेली.

जागी झाली ती अपराधी वाटतच. अंगात गारठा असतानाच तिने नोंदी उघडल्या. सोळाही रविवार केळुसकरांचे प्रश्न आले होते, प्रत्येक आपापल्या तीन सेकंदांत. एकही चुकला नव्हता. प्रेक्षक अकराचे एकतीस झाले होते. तिने ठरवलं, या रविवारी सगळं खरं सांगायचं, आधी केळुसकरकाकांना.

गुळवणी तिच्याजवळ येऊन बसले. त्यांच्या हातात एक पत्र होतं, साडेतीन महिन्यांपूर्वी आलेलं. केळुसकरांच्या मुलीने, शर्वरीने, लिहिलं होतं की बाबा गेले. उल्का झोपली त्याच आठवड्यात. दुखणं त्यांना आधीपासून ठाऊक होतं. शेवटच्या महिन्यात त्यांनी पुढच्या कित्येक रविवारांचे प्रश्न लिहून, वेळ लावून ठेवले. ती काय बोलेल ते मला साधारण कळतं, असं म्हणाले. तिला पडदा कोरा दिसायला नको.

उल्काने पत्र दोनदा वाचलं.

“म्हणजे त्या सोळा रविवारी...”

“तू झोपेत होतीस आणि ते नव्हते,” गुळवणी म्हणाले. “मला दोन्ही ठाऊक होतं. मी दर रविवारी इथे बसून ऐकलं, उल्का. एकदाही मला वाटलं नाही की बोलणारं कुणी नाही.”

रविवारी पाच वाजता ती टाक्यांपाशी बसली. काही लिहून आणलं नव्हतं. निळी पाखट पडद्यावर तरंगू लागली. काय बोलावं ते सुचेना. तीन सेकंद गेले, दहा गेले. विसाव्या सेकंदाला पडद्यावर अक्षरं उमटली.

‘झाली गो झोप?’

प्रश्न केळुसकरांचाच होता. यानावरचं कोण कधी झोपणार याचा हिशेब काही अवघड नव्हता. ती सांगणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. ती स्ट्रीम आधीच करून ठेवेल हेही. आज जागी होऊन ती गप्प बसेल, आणि किती वेळ, हेसुद्धा. हा एकच प्रश्न तिला ओळखता आला नव्हता.

तिचा शब्द पृथ्वीवर पोचायला आता तीन तास लागणार होते. तिथे एकतीस माणसं तो ऐकणार होती, आणि ज्यांनी विचारलं ते नव्हते. तरी तिने उत्तर दिलं.

“झाली, काका.”

आणि ती थांबली. हिरवा उजेड पाखटीच्या परांतून सरकत गेला. एक, दोन, तीन.

‘बरं,’ पडद्यावर उमटलं. ‘मग सांग.’

उल्का सांगू लागली.