पांगाऱ्याचे राक्षस

भोरहून वेल्ह्याला निघालेली एस.टी. त्या श्रावणात फरशीपुलाशी अडली. ओढा पुलावरून वाहत होता. उतारू चहाच्या खोपटात शिरले. त्यांच्यामागून रतनही शिरली, साडीचा भिजलेला काठ पिळत. वेल्ह्याच्या बालवाडीत ती नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती.

खोपटात एका तरुणानं कोळशानं जमिनीवर पट आखला होता. सोंगट्या म्हणून पांगाऱ्याच्या लाकडात कोरलेली माणसं, आणि वाटेत दात विचकून उभा एक राक्षस. दोन उतारू कवड्या टाकत आपापला गडी गडावर चढवत होते, आणि पुढं काय भेटतं ते तो तरुण गोष्टीसारखं सांगत होता.

"कवड्या उताण्या पडल्या. राक्षस मेला."

"एवढ्यात?" रतनच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं वर पाहिलं. "मग कसा मरायला पायजे, बाई?"

"मरूच नये. ज्याला मारता येतं त्याची भीती कसली? त्याला काहीतरी हवं असावं… ते दिलं की वाट सोडेल."

"काय हवं आसंल?"

"खरं बोलणं. कुणालाच न सांगितलेलं."

तो मान खाली घालून हसला. "मंग आमच्यातलं कुणीच गडावर पोचायचं न्हाई."

तो वेल्ह्याजवळच्या पालीचा ज्ञानू. भातशेती करणारा, आणि हात रिकामे झाले की लाकूड कोरणारा. दर शनिवारी तो वेल्ह्याच्या बाजाराला यायचा. बालवाडी सुटली की मग ओट्यावर पट मांडला जाई. ज्ञानू कोरायचा, रतन त्यात जीव घालायची. एक म्हातारी झाली. तिच्या डोळ्यांत पाहिलं की माणूस घरची वाट विसरे. एक घुबड झालं, ते आपल्याच आवाजात आपल्याला हाक मारी. धुकं कापणारा कोयता झाला. एकदा त्यानं बोटभर लांबीचं इरलं विणून आणलं.

"हे पावसाचं न्हाई. डोक्यावर घेतलं की माणूस दिसंनासा व्हतो."

"फुकट? जादूला किंमत पडली पाहिजे," रतन म्हणाली. "इरलं उतरेपर्यंत त्या माणसाची कुणाला आठवणसुद्धा राहणार नाही."

"तुमी घेतलं तरी?"

"मी घेतलं तरी."

"मंग तुमी नका घेऊ…" तो इरल्याच्या काड्या सारख्या करत राहिला. "मला जमायचं न्हाई ते."

बाहेर भुरभूर चालू होती. रतननं कवड्या उचलल्या, पण डाव कुणाचा होता ते दोघांनाही आठवेना.

त्यानंतर कधीतरी 'बाई' गळालं. 'तुमी' गळालं.

भातं कापून झाल्यावर तो म्हणाला, "नवा राक्षस लई मोठा झालाय. आणता येत न्हाई. तूच चल पालीला."

पालीला त्याच्या आईनं, भामाबाईनं, तोंडभर स्वागत केलं. चहा ठेवता ठेवता विचारलं, "भोरात कुणाची गं तू?"

"बौद्धवाड्यातल्या कोंडिबांची."

भामाबाईचा हात थांबला. मग ती उठली आणि वळचणीला खोचलेला कानतुटका कप काढून त्यात रतनचा चहा ओतला. वरून, भांडं कपाला टेकू न देता. "पिऊन झाला की ईसळून तितंच ठेव, पोरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रीत होती.

रतननं ज्ञानूकडे पाहिलं. तो त्या मोठ्या राक्षसाचा पाय घासत होता. घासतच राहिला.

तिनं चहा प्यायला नाही. पुढच्या शनिवारी बालवाडी सुटताच तिनं भोरची एस.टी. धरली. त्याच्या पुढच्याही. संक्रांतीनंतर तिला भोरलाच बदली मिळाली.

चैत्राच्या उन्हात एक दिवस ज्ञानू तिच्या दाराशी उभा राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"रतन, मला तुझ्याशी लगीन करायचंय."

हे ऐकायची तिनं किती वाट पाहिली होती… "आईला सांगितलंस?"

"सांगीन की. आधी आपण पुण्याला जाऊ. मंग हळूहळू…"

"त्या दिवशी तो कप माझ्या हातातून घेऊन तू प्यायला असतास ना, तर मी तिथंच हो म्हटलं असतं."

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. "भ्यालो मी," म्हणाला.

"मीपण भिते ज्ञानू. तू परत गप्प बसशील म्हणून."

"रागावलीस?"

"नाही. राग असता तर बरं झालं असतं."

त्यानं मान हलवली आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागला. हाक मारावी असं तिला वाटलं. चौकटीवरचा हात मात्र तिथंच राहिला.

आतून आबांनी, कोंडिबांनी, विचारलं, "कोण आलं होतं गं?"

"पालीचे एक… ओळखीचे."

"जेवले?"

"नाही."

"अगं, एवढ्या उन्हातनं आलेला माणूस. आत तरी बोलवायचंस. जा, गाडी सुटायच्या आत बोलावून आण."

रतन अनवाणीच धावली. बाजार ओलांडून स्टँडवर पोचली तेव्हा वेल्ह्याची गाडी वळण घेत होती. मागच्या खिडकीशी तो बसला होता, पाठ इकडे करून. तिनं हाक मारली, पहिल्यांदा हळू आणि मग मोठ्यानं. इंजिनाच्या घरघरीत ती विरली.

घरात बापलेक दोघंच असत. ती परतली तेव्हा आबांनी तीन ताटं वाढून ठेवली होती. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिसऱ्या ताटातली भाकरी परत टोपलीत ठेवली.