शिशाचा हिरालाल

नवेगाव बांधात लाकडाचा नंदी रंगवावा तो दुधरामनेच. असं दुधराम स्वतःच सांगायचा, आणि त्याला खोटं पाडणार कोण? गावात दुसरा रंगवणाराच नव्हता! तान्ह्या पोळ्याला लेकरं चाकांवरचे बैल ओढत मिरवतात, ते सगळे त्याच्या हातचे. बाकीचं वर्ष मग दारं, खिडक्या, गणपती, लग्नघरच्या भिंती, जे हाती येईल ते.

असा हा माणूस वीतभर बैलांवरून एकदम करंगळीएवढ्या शिपायांवर आला तो भैयाजी सुभेदारांमुळे.

सुभेदार ब्रह्मदेशच्या लढाईतून एक पाय अधू करून घेऊन परतले होते. तळ्याकाठच्या घरात एकटेच राहायचे. पडवीत त्यांनी सागवानाचं एवढं मोठं टेबल मांडलं होतं, की आल्यागेल्याला अंगणात बसावं लागे. टेबलावर तळ्याची वाळू, वाळूचे डोंगर, शेवाळाचं जंगल आणि मधोमध निळ्या ऑइलपेंटचा एक नाला. पलटणीतला गोरा कप्तान विलायतेला परत जाताना शिपाई ओतायचे साचे त्यांना देऊन गेला होता. ढिवरांच्या मासे धरायच्या जुन्या जाळ्यांचं शिसं वितळवून सुभेदार त्यात शिपाई ओतायचे आणि कवड्या टाकून टेबलावर लढाई खेळायचे. कवडी पालथी पडली की शिपाई पडला, उताणी पडली की तो पुढे सरकला. लढाई मात्र दरवेळी एकच. शत्रू मागे लागलेला, आणि नाला ओलांडून पलटण अलीकडे आणायची.

"एवढा मोठा मानूस, लेकरावानी खेळून राहिला," दुधरामची बायको रुख्मा हसायची.

दुधरामला हसू येत नसे. ब्रह्मदेशातल्या त्या खऱ्या नाल्यावर त्याचा जवाई, बहिणीचा नवरा, लढला होता.

देवका ही दुधरामची धाकटी बहीण. लग्नाला पुरतं वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा हिरालाल फौजेत गेला आणि सुभेदारांच्याच हाताखाली लढला. त्या नाल्यानंतर तो कोणाला दिसला नाही. मेलेला कोणी पाहिला नाही, जिवंतही कोणी पाहिला नाही. फौजेनं 'बेपत्ता' एवढं कळवून हात झटकले. तेव्हापासून दहा-एक वर्षं देवका भावाच्या घरी होती. कपाळी कुंकू, आणि वाटेकडे डोळे.

आता अर्जुनीच्या भाताच्या गिरणीतला मिस्त्री शालीकराम तिच्याशी पाट लावायला, दुसरं लग्न करायला, तयार होता. बायको गेलेला, शांत, कामाचा माणूस. त्याने आणलेल्या बांगड्या देवकाने परत केल्या नव्हत्या, पण हातातही घातल्या नव्हत्या. दिवाळीनंतर मी दुसरीकडे पाहीन, असं त्यानं निरोप धाडून सांगितलं होतं, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

"कायले जीव जाळतं बाई?" दुधराम म्हणायचा. "हो म्हन ना."

"म्हनीन. पन ते जिते असले तं?"

ही एकुलती एक बहीण अशी वाळून जाताना पाहायची, ह्या विचारानं दुधरामला घास गोड लागत नसे. आणि सुभेदारांनी रंगाचं काम सांगितलं तेव्हा तो हो म्हणाला ते याच आशेनं, की बोलता बोलता त्या नाल्याचं काहीतरी त्यांच्या तोंडून निघेल.

सुरुवातीला शिसं काही त्याला बधेना. बैलाला तो खडू आणि सरसाचं अस्तर द्यायचा. शिशावरून ते वाळलं की पापडासारखं सुटून यायचं.

"अबे, हा बैल नाही!" सुभेदार खेकसले. "पहले साच्याची शिवण चाकूनं खरवड. राखेनं घास. मग ऑइलपेंट, पातळ, दोन हात. जाड रंग दिला तर नाकडोळे बुजतील त्याचे."

मग त्यांनी खरी करामत दाखवली. खाकी वाळली की काळ्या रंगात टरपिन ओतून त्याचं पाणी करायचं आणि ते शिपायाच्या अंगावर सोडून द्यायचं. ते आपोआप पट्ट्याखाली, काखेत, सदऱ्याच्या चुण्यांत जाऊन बसतं. ते सुकल्यावर ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिकी खाकी नुसती वरवर फिरवायची, खांद्यावर, गुडघ्यावर, टोपीच्या कडेवर. दुधरामने तसं केलं आणि तो पाहतच राहिला. करंगळीएवढ्या माणसावर दुपारचं ऊन पडलं होतं.

"अगा बाबो!" तो म्हणाला.

सुभेदार मिशीत हसले. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. पण डोळ्यांवरून भांडण व्हायचंच.

"डोळे काढू नको. एवढ्या लांबून माणसाचे डोळे दिसत नाहीत, नुसती सावली दिसते."

"डोळ्याबिगर कसा, साहेब? आंधळा जाईन का लढाईले?"

शेवटी सुभेदार हरले. दुधराम खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश घ्यायचा. आधी काळी रेघ, मग तिच्या दोन बाजूंना पांढरे ठिपके. मधे उरतं ते बुबुळ. त्याच्या बापापासूनची रीत होती, की डोळा सगळ्यात शेवटी उघडायचा, आणि उघडताना बैलाचं तोंड मालकाकडे धरायचं. त्यानं पहिल्यांदा ज्याला पाहिलं त्याच्याच घरी तो परततो. दुधरामचा हात आता न सांगताच तसा वळायचा. सगळी पलटण त्यानं सुभेदारांकडे तोंड करून जागी केली.

एक शिपाई मात्र त्यानं मनानं रंगवला. उजव्या गालावर तीळ, टोकाला जरा वर गेलेली मिशी. काळ्या पाण्याचा एक हात त्याच्या चेहऱ्यावर जास्तच हलका दिला, जवाई गोरा होता म्हणून. सुभेदारांनी पाहिलं आणि तंबाखू मळता मळता थांबले.

"हिरालाल," ते म्हणाले. "नाल्यापर्यंत माझ्या मागे होता, दुधराम. या बाजूला येऊन वळून पाहिलं तर नव्हता."

त्याच वेळी देवका भावाची भाकर घेऊन पडवीच्या पायरीशी आली. दुधरामच्या हातात खारीचा ब्रश होता, डोळ्याचा शेवटचा ठिपका राहिला होता. हाताच्या सवयीनं घात केला. जवाईची धनीण समोर उभी राहिली तसा त्यानं शिपाई तिच्याकडे वळवला, आणि डोळा उघडला.

देवकाच्या हातातली भाकर तशीच राहिली. "अगा माय," ती म्हणाली. "हे तं तेच हायेत!"

"झालं!" सुभेदार म्हणाले. "आता हा माझा हुकूम कशाला ऐकतो?"

तिघंही हसले. कितीतरी दिवसांनी देवका हसली होती.

दुसऱ्या दिवशी पलटण शत्रूकडे तोंड करून उभी होती आणि हिरालाल एकटा पाठ फिरवून गावाकडे पाहत होता. उंदीर असेल, सुभेदार म्हणाले. त्याला सरळ केला. पुढच्या सकाळी परत तेच. दुधरामने पाण्याचा वाडगा ठेवून टेबलाला उतार आहे का पाहिलं. नव्हता. उंदरासाठी पिंजरा लावला, तो रिकामाच राहिला.

मग बूट. बुटांच्या टोकांचा काळा रंग घासून आतलं शिसं दिसू लागलं. दुधरामने परत रंगवले, वर रोगणाचा हात दिला. चार दिवसांत परत शिसं. रोगण कच्चं निघालं असणार, दुधरामने मनाला सांगितलं. पण रोगण त्याचं स्वतःचं होतं आणि त्याच डब्यातल्या रोगणावर त्याचे बैल पोरांच्या हातून वर्ष-वर्ष टिकायचे.

एका सकाळी बुटांना चिखल होता. लाल, चिकट. सुभेदारांनी तो नखानं काढला, बोटांत मळला, हुंगला आणि खुर्चीत बसून राहिले.

"आपल्या इकडची माती नाही ही," ते म्हणाले. "ही मी पायांनी ओळखतो."

त्या दुपारी ते लढाई खेळायला बसले. हिरालाल नाल्याच्या पलीकडेच होता. सुभेदारांनी कवड्या मुठीत घेतल्या आणि तशाच खाली ठेवल्या.

"नको आज. चल, चहा पिऊ."

दोघं आत गेले. चहा होऊन बाहेर आले तर हिरालाल नाल्याच्या अलीकडे होता. गुडघ्यांपर्यंत निळा. दुधरामने बोट लावलं. रंग ओला होता. नाल्याचा रंग तर केव्हाचा दगडासारखा वाळलेला होता.

देवकाला हे सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं. पण पडवी काय आणि गाव काय, गोष्ट लपते कुठे! ती रोज येऊ लागली. टेबलाच्या कडेशी बसायची आणि वाळूकडे बघत राहायची.

"येऊन राहिले भाऊ," ती म्हणायची. चेहरा नव्या नवरीसारखा उजळलेला. दिवाळी जवळ येत होती, आणि अर्जुनीहून पुन्हा निरोप आला होता.

हिरालाल टेबलाच्या कडेला पोचला तेव्हा देवकाने त्याला उचलून पदरात घेतलं. सुभेदार अधू पायावर कसेबसे ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी तिने त्याला आपल्या अंथरुणासमोरच्या कोनाड्यात ठेवलं. दिवाळीच्या आधीच्या एका संध्याकाळी दुधराम दारात आला तर ती कोनाड्यापुढे हात जोडून उभी होती. तिने शिपायाचं तोंड भिंतीकडे केलं होतं.

"तुमीच सांगा," ती त्याला म्हणत होती. "मले समजत नाही. सकाळी माह्याकडे पाहत असले तं मी येथंच राहीन, जलमभर. भितीकडेच असले तं मी अर्जुनीले जाईन."

तो तिचा कौल होता.

दुधरामला झोप कसली येते? कोंबडं आरवायच्या बेताला तो पाय न वाजवता आत गेला. देवका डोळे मिटून पडली होती.

कोनाड्यातला हिरालाल तिच्याकडे पाहत होता.

दुधराम तिथेच बसला. मग उठला. 'जवाई, माफ करा,' मनात म्हणाला, आणि दोन बोटांनी त्याला परत भिंतीकडे फिरवलं.

उजाडल्यावर देवकाने ती पाठ पाहिली. पोटभर रडली. मग उठून तिने शालीकरामच्या बांगड्या हातात चढवल्या.

पाट लागला. देवकाची बैलबंडी देवलगावच्या स्टेशनाकडे गेली. त्यानंतर त्या कोनाड्याला दुधरामने हात लावला नाही, आणि रुख्मा तर त्या खोलीत केरसुणीसुद्धा घाईघाईनं फिरवायची.

संक्रांतीला देवका माहेरी आली. अंगानं भरलेली, बोलकी. शालीकराम परवा न्यायला येणार होता.

"जास्तच चांगली वागनूक दिसते मिस्त्रीची," रुख्मानं चिमटा काढला, आणि देवका लाजून लाल झाली.

दुधरामला राहवेना. दुपारी तिळगूळ खाताना तो म्हणाला, "देवका, त्या सकाळी ते तुह्याकडेच पाहत होते. मी फिरवला त्याहिले."

देवका हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"मले माहीत हाये, भाऊ. मी जागीच होती. पन ते आपल्या मनानं नव्हते वळले. रातभर भितीकडेच होते. मलेच नाही पाहवलं. मीच फिरवलं त्याहिले माह्याकडे. अन् मंग तू आला."

"म्हनजे जवाई..."

"जाय म्हनले ते मले."

दुधरामच्या छातीवरचा धोंडा उतरला. किती साधी गोष्ट, आणि किती दिवस तो ती छातीशी धरून बसला होता! तो गहिवरून उठला.

"आनतो त्याहिले बाहेर. जवाईले तिळगूळ नको का द्यायले?"

देवका आणि रुख्मा त्याच्या मागोमाग आल्या. त्यानं कोनाड्यात हात घातला.

हाताला शिपाई लागला नाही. त्याच्या पायाखालची चकती लागली.

शिपाई आणि त्याची चकती एकाच साच्यातून, एकाच शिशातून निघतात. वेगळी करायची तर करवत लागते.

चकतीची कड अखंड होती. पुढच्या कडेवरची साच्याची खूण त्या सकाळी दुधरामने भिंतीकडे फिरवली होती, ती तशीच भिंतीकडे होती. वर धूळ होती. धुळीत बुटांएवढ्या दोन जागा तेवढ्या स्वच्छ, शिशाच्या चमकत्या.

टाचा भिंतीकडे होत्या. बुटांची टोकं खोलीकडे.

दुधरामने मागे वळून दाराबाहेर पाहिलं. अंगणात लख्ख ऊन होतं, आणि कोणी नव्हतं.

देवकाने दाराकडे पाहिलंच नाही. तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "वयनी, त्याहिले पाय धुवाले पानी ठेव."