पोळ्याच्या दिवशीची बैलगाडी

बोरखेडी स्टेशनच्या फाटकाचे तुकडे सकाळीही रुळांकडेला पडलेले होते. हे फाटक रस्त्याला उघडलं की रुळांवर आडवं येई. काल, पोळ्याच्या संध्याकाळी, रस्ता मोकळा होता आणि फाटक रुळांवर आडवं. छोट्या लाइनीची गाडी त्याच्यावर आदळली. माणूस दगावला नाही, एवढंच नशीब.

चौकशीला आलेले पोलीस इन्स्पेक्टर प्रभाकरराव मूळचे याच मुलखातल्या सेलूचे. त्यांनी आधी कुलूप पाहिलं. फुटलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं.

"पुनाजी, फाटक लावलं होतंस?" त्यांनी फाटकवाल्याला विचारलं.

"कुलूप घातलं, साहेब. मंग ठेसनावरून मले बोलवाची घंटा झाली. गेलो, तं मास्तर जाग्यावर नाई!"

"मास्तरांचं तुझ्याशी वाकडं?"

पुनाजीची बायको जिजा मध्येच बोलली, "रेल्वेची कंपनी गेली, सरकार आलं, तं यानं मास्तराच्या घरी पानी भरनं सोडलं. वरती अर्ज केला. साहेबानं मास्तराले सर्व्यापुढं झापलं. तवापासून 'तुले फाटकावरून उठवतो' म्हनते. नोकरी गेली तं क्वार्टर जाईन. लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

स्टेशनमास्तर मधुकरराव साताऱ्याकडचे. उन्हाळ्यात बदलून आलेले.

"मी प्लॅटफॉर्मवरून पाहिलं," ते म्हणाले. "लाकडं भरलेली बैलगाडी आली. यानं फाटक उघडलं आणि गप्पा मारत बसला."

"बैलगाडीच?"

"पांढरी जोडी होती. शेतकऱ्याचा मुलगा आहे मी, बैल ओळखतो."

"काल गावात वाजंत्री कसली होती?"

"असेल कसली तरी जत्रा. मी या लोकांत मिसळत नाही."

"तुमच्याकडे बैलांचा सण असतो?"

"बेंदूर. आषाढातच झाला."

प्रभाकरराव हळूच म्हणाले, "आमच्याकडे तो काल झाला, मास्तर. पोळा. काल या मुलखात एकाही बैलाच्या मानेवर जू चढलं नाही. तुम्ही पाहिलेली बैलगाडी आलीच नव्हती. कुलपाच्या किल्ल्या दोनच, पुनाजीची आणि स्टेशनची. घंटा देऊन तुम्ही त्याला हलवलंत आणि मागच्या वाटेनं जाऊन फाटक उघडलंत. गाडीतली माणसं मेली असती तरी चाललं असतं तुम्हाला!"

मधुकररावांचा चेहरा उतरला. "नोकरानं माझ्यावर अर्ज करायचा?" एवढंच ते पुटपुटले.

दुपारी त्यांना घेऊन पोलिसांची जीप रस्त्याला लागली. पुनाजीनं फाटकाच्या जागी साखळी ताणली आणि जीप अडली.

"गाडीला वेळ आहे रे!" हवालदार ओरडला.

"येऊन राह्यली, साहेब. नियम हाय."

तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल ओढत जीपभोवती जमली. बेड्यांकडे बघू लागली.

"पाहून घ्या रे," जिजा म्हणाली, "बैल ओळखनारा मास्तर!"

पोरं खिदळली. मधुकररावांनी मान खाली घातली. प्रभाकरराव दुसरीकडे पाहत राहिले. पुनाजीनं तंबाखू मळायला घेतली, अगदी सावकाश.