उसना गॉगल

गॉगलच्या पट्ट्याला तुटायला तीच वेळ सापडली. ती तलावाच्या काठावर उभी, एक पाय पाण्यात, दुसरा अजून विचारात... आणि टप्! गॉगल पाण्यात पडला. बघता बघता गिरक्या घेत गेला आणि सगळ्यात खोल कोपऱ्यात निळ्या फरशीवर जाऊन बसला.

"थांबा, उडी मारू नका," मागून आवाज आला.

"मारणार नव्हतेच. तिथं माझे पाय टेकत नाहीत."

"मग पोहायला कशाला येता?"

"पाय टेकतात तिथं पोहायला."

तो हसला. लांब दांड्याची जाळी त्याच्या हातात होती, पाण्यावरची पानं आणि किडे काढायची. ती त्यानं खोल पाण्यात सोडली आणि हलक्या हातानं गॉगल वर आणला. पण पट्टा कायमचा गेला होता. मग त्यानं आपल्या कपाटातून एक काळा, जाड रबराच्या कडांचा गॉगल काढून तिच्यापुढे धरला.

"माझा जुना आहे. घ्या."

"आणि परत कधी देऊ?"

"सावकाश द्या हो. मी कुठं पळून चाललोय?"

सावकाश! या शहरात आल्यापासून तिला सगळे 'लवकर' म्हणत होते. लवकर बिल करा, लवकर दुकान उघडा, लवकर सांगा. 'सावकाश' म्हणणारा हा पहिलाच भेटला. तिनं गॉगल डोळ्यांवर चढवला, पाण्यात डोकं घातलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला पाण्याखाली काहीसुद्धा दिसलं नाही.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मालकांनी या शहरात नवं दुकान थाटलं आणि 'तू एकटीच आहेस, तुला काय अडचण?' म्हणून तिला इकडे धाडलं. माणूस एकटं असलं की त्याला काहीच अडचण नसते असं लोकांना का वाटतं, देव जाणे. तिचं काम डोळ्यांचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती वीतभर अंतरावरून त्याच्या डोळ्यांत बघायची, काच बदलायची, विचारायची, "आता स्पष्ट दिसतंय?" दिवसभर इतके डोळे तिच्या समोर यायचे, पण त्यातल्या एकाही डोळ्याला ती दिसायची नाही. त्यांना दिसायची तिच्या खांद्यामागची अक्षरं.

संध्याकाळी खोलीवर गेलं की कुलूप, मग दिवा, मग गॅस. रविवारी ताईचा फोन. "जेवलीस का?" ताई विचारायची आणि उत्तराआधीच, "अरे मेल्यांनो, भांडू नका!" म्हणून पोरांवर ओरडायची. पोरं शांत होईपर्यंत बोलायचं राहून जायचं. ताईचा जीव होता तिच्यावर, नव्हता असं नाही. पण जीव असणं आणि सवड असणं वेगळं.

म्हणून ती सकाळी पोहायला यायची. पाण्यात सगळेच गप्प असतात. तिथं एकटं असणं उठून दिसत नाही.

तो त्या तलावाचं पाणी सांभाळायचा. पहाटे येऊन काचेच्या नळीत पाणी घ्यायचा, त्यात थेंब टाकायचा, पाण्याला रंग चढला की नळी उजेडात धरून डोळे बारीक करून बघायचा, आणि त्यावरून क्लोरीन किती घालायचं ते ठरवायचा. मग दिवसभर उंच खुर्चीवर बसून माणसं राखायची. सकाळच्या पोहणाऱ्यांत एक काकू होत्या, अंगानं भारदस्त आणि जिभेनं त्याहून. त्या त्याला 'पाणीवाला' म्हणायच्या आणि हिला 'चष्मेवाली'.

"काय चष्मेवाल्या बाई," तो खुर्चीवरून विचारायचा, "माझा गॉगल?"

"उद्या देते."

"काल पण उद्याच म्हणाला होतात."

"मग? आज उद्या आहे का? उद्या या मागायला!"

"आता नवीन घे की गं एखादा," काकू पाण्यातून म्हणायच्या. "मेला किती जाड आहे तो! बेडकासारखी दिसतेस."

नवीन तिनं केव्हाच घेतला होता. घरी खोक्यातच होता. पण तो घातला तर जुना परत द्यावा लागला असता, आणि परत दिला तर खुर्चीवरून कुणी कशाला हाक मारेल?

थोड्याच दिवसांत तिच्या डोळ्यांभोवती खाज सुटू लागली. आधी नुसती चुणचुण, मग लाली, मग बारीक पुरळ. त्या दिवशी बाहेर पाऊस होता. तलावाच्या काचेच्या छतावर तो तडतडत होता आणि आत सगळं हिरवट उजेडात बुडालं होतं. ती पाण्यातून वर आली तसा तो खुर्चीवरून उतरून खाली आला. असा तो कधी कुणासाठी उतरला नव्हता.

"हे काय झालंय?"

"कुठं काय?"

"डोळ्यांभोवती. लाल झालंय सगळं." तो वाकला, जवळून बघू लागला, आणि तिला आपला श्वास कुठं ठेवावा ते कळेना. "आग होते?"

"थोडी..."

"पाण्याचंच असणार. पाणी माझं, म्हणजे चूक माझी. बाहेर पडल्या पडल्या साध्या पाण्यानं अंघोळ करता ना? डॉक्टरांना दाखवा हं. आणि उद्या मला सांगा, कसं आहे ते."

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आज कसं आहे?" तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तर पाण्यात उतरण्याआधीच. घरी परतताना ती ते तीन शब्द मनात घोळवत जायची. आज कसं आहे... किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! दुखणं माणूस सोसतो हो. कुणी विचारत नाही ते सोसत नाही.

आता तिची गंमत ऐका. दुकानात एका आजोबांच्या नाकावर डाग पडला होता. "आजोबा, चष्म्याच्या या रबरी पॅडचा त्रास होतोय तुम्हाला," ती सहज म्हणाली, "बरोबर तेवढाच डाग पडलाय बघा. मऊ बसवून देते." पॅड बदलता बदलता तिची नजर समोरच्या आरशावर गेली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांभोवती दोन लाल गोल होते. कुणी कंपासनं काढावेत तसे नेमके. बाकी अंगावर एक ठिपका नाही! पाण्याचं असतं तर ते हाता-पायांना सोडून फक्त डोळ्यांभोवती रिंगण कशाला धरतं?

रोज लोकांना सांगते ते तिला स्वतःचं कळलं नव्हतं. की कळलं होतं आणि कळवून घ्यायचं नव्हतं? दोष गॉगलच्या रबराचा होता. त्याच्या गॉगलच्या.

सांगायला हवं होतं. सकाळी ती ठरवून गेली. पण तो काठावरच वाट बघत उभा होता. "आज कसं आहे?"

"आहे तसंच," ती म्हणाली. आणि गॉगल चढवला.

देवा, एवढं एक चालवून घे, तिनं पाण्याखाली म्हटलं. पण देवानं एका माणसाचं चालवून घेतलं, तरी पाणी घेत नाही.

कारण तो इकडे रात्रंदिवस तिच्या लालीच्या मागे लागला होता. पाण्यातल्या औषधानं तिला त्रास होतोय म्हणून त्यानं क्लोरीन थोडं कमी केलं. लाली गेली नाही. आणखी थोडं कमी केलं. नळीतला रंग फिका पडत चालला होता, ते त्याला दिसत होतं; पण तिचे डोळे त्याला जास्त दिसत होते. त्यात उकाडा वाढला, शाळांची पोरं झुंडीनं डुंबून गेली, आणि एका सकाळी ती आली तर दारात दोरी बांधलेली. आत पाणी गढूळ, हिरवट, तळाच्या फरश्या दिसेनाशा झालेल्या.

काठावर तलावाचे साहेब त्याला फैलावर घेत होते. काकू आणि इतर मंडळी टॉवेल खांद्यावर टाकून उभी.

"इतकी वर्षं पाणी बघता आणि औषध कमी करता? कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही, साहेब."

"मग कशासाठी?"

त्यानं मान खाली घातली. एकदा, अगदी एकदाच, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा फरशीकडे. "माझी चूक झाली."

"चूक? उद्या कुणाला रोग झाला असता म्हणजे? उद्यापासून यायची गरज नाही तुम्हाला."

तिचं तोंड उघडलं तर गुपित जाणार होतं, मिटलं तर त्याची भाकरी. ती दोरीखालून वाकून आत गेली.

"साहेब, माझ्यामुळे झालंय हे." तिनं पिशवीतून गॉगल काढला आणि कोरड्या चेहऱ्यावर सगळ्यांसमोर चढवला. जाड काळ्या कडा लाल गोलांवर तंतोतंत बसल्या. "बघा. पाण्याचं काही नव्हतंच. या रबराचं होतं. यांना वाटलं पाणी बाधतंय मला, म्हणून यांनी... मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मला कळलं होतं."

"कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

तिनं गॉगल हळूच उतरवला.

"अहो साहेब," काकू पुढे झाल्या, "त्याचं उत्तर तुम्ही सोडून इथं सगळ्यांना समजलंय. लग्न झालंय ना तुमचं? मग आठवा जरा."

साहेबांचा राग थोडा निवला, गेला नाही. "पाणी बिघडवलंत ते तुम्हीच," ते त्याला म्हणाले. "तळ घासून, पाणी आरशासारखं करून दाखवा. मग बघतो."

साहेब गेले. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. गॉगल तिच्या हातात होता.

"द्या," तो म्हणाला.

तिनं दिला. त्यानं घेतला, आणि सरळ पंपाच्या खोलीत निघून गेला.

तलाव बंदच राहिला. तिच्या डोळ्यांभोवतीची लाली उतरली, खाज गेली, कातडी पहिल्यासारखी झाली. आरशात बघून तिला रडू आलं. बरं होण्याचंसुद्धा दुःख होतं माणसाला! रविवारी ताईनं विचारलं, "जेवलीस का?" आणि नेमकी पोरं गप्प होती. ती "हो" म्हणाली आणि पुढे बोलताच येईना. "काय गं? काय झालं, सोने?" ताई दोनदा म्हणाली. "काही नाही... पोहणं बंद आहे."

मग एका दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि तो आत आला. हातांना घासण्याचे चरे, अंगाला स्वच्छ पाण्याचा वास. सरळ खुर्चीत बसला.

"डोळे तपासायचेत."

"पाणी...?" तिला एवढंच विचारता आलं.

"नितळ झालं. साहेबांनी नाणं टाकून बघितलं, तळाशी छापा की काटा ते वरून वाचता आलं. उद्या उघडतोय. नोकरी राहिली." तो थांबला. "मला तुमचा राग आला होता."

"येणारच..."

"मी झोपत नव्हतो. वाटायचं, मीच हिला त्रास देतोय. का नाही सांगितलंत?"

ती काचांची पेटी उगाच उघडत, मिटत राहिली. "सांगितलं असतं तर तुम्ही विचारायचं थांबला असतात. मला... मला दुसरं कुणी विचारत नाही."

तो हळू म्हणाला, "माझ्या खुर्चीखालून दिवसभर माणसं पोहत जातात. वर कुणी बघत नाही. बघतात ती बुडायला लागल्यावर. तुम्ही मात्र रोज आल्या आल्या वर बघायचात." त्यानं खिशातून पुडकं काढलं. त्यात नवा गॉगल होता, मऊ, बिनरबरी कडांचा. "हा उसना नाही. परत करायचा नाही."

"मग मागणार काय रोज?"

"तोच घोळ झालाय. गॉगल गेला, लाली गेली. आता मला खरंच काहीतरी विचारावं लागणार..."

तिच्या गालांवर लाली चढली, आणि या लालीला कुठलं रबर कारण नव्हतं.

"आधी डोळे तपासू," ती घाईनं म्हणाली आणि काचांची चौकट त्याच्या नाकावर बसवली. "समोर बघा."

"बघतोय."

"पहिली ओळ वाचा."

"नाही दिसत."

"अहो, सगळ्यात मोठं अक्षर आहे ते!"

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही मध्ये उभ्या आहात."

बाजूला व्हायला हवं होतं. ती झाली नाही.