मेढ्याच्या माळावर चुंबकीय वादळ

"आवं, सावलीला गाडी लावली तर तुमचं काय बिघडलं?"

"आलेख बिघडला!" शिफानं लॅपटॉपवरून रागानं मान वर केली... आणि पुढचं वाक्य विसरलीच. इतकं मोकळं हसतं का कुणी?

सांगलीची शिफा संशोधन करत होती. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र तिनं मेढ्याच्या माळावर पुरलं होतं. जवळ लोखंड आलं की ते फसायचं. आणि हा मुजीब स्ट्रॉबेरीचा टेम्पो नेमका तिथेच उभा करायचा.

"मोजताय तरी काय?"

"सूर्याकडून विद्युतभारित कण येतात. काही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात. उत्तर-दक्षिण झोके घेत पृथ्वीभोवती फिरत राहतात — इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, प्रोटॉन पश्चिमेकडे."

"म्हंजे वाटंत भेटत असतील की!"

"भेटतात... पण थांबत नाहीत."

"येडे हायेत," मुजीब म्हणाला. "आमी थांबलो असतो."

शिफानं घाईघाईनं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवसापासून टेम्पो लांब वळणावर थांबू लागला. मुजीब मात्र चालत यायचा — किल्ल्यासुद्धा गाडीतच ठेवून.

मग सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली. ज्या चुंबकीय वादळासाठी शिफानं एवढा खटाटोप केला, ते उद्यावर आलं होतं. आणि माळाचे मालक नाथाजीकाका उद्याच ट्रॅक्टर घालणार होते! शिफाचे डोळे भरून आले. मुजीब तडक काकांकडे गेला.

"काका, उद्याच्याला नांगरट नको. तुमचा माल मी वाईला पोचवतो."

"तुझं काय अडलंय रं?"

"लय अडलंय, काका."

काका मिशीत हसले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला नाही.

दुपारी पडद्यावरची रेघ जरा उसळली आणि खाली घसरत गेली... खोल.

"बिघडलं का?" मुजीब घाबरला.

"नाही! कण दाटलेत वर. त्यांच्या प्रवाहानं इथलं क्षेत्र उतरलंय. हेच हवं होतं मला!" आनंदाच्या भरात तिनं त्याचा हात धरला. सोडायचं राहूनच गेलं.

"म्हंजे... आता सांगलीला जानार?"

"हो. काम झालं."

त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला. "शि... शिफा, मला तुमी लय आवडता."

वाऱ्यानं तोंडावर आलेली ओढणी तिनं सावकाश बाजूला केली.

"रविवारी अब्बा घरी असतात. अम्मीला घेऊन या."

"काय बोलू त्यांच्यासंगं?"

"आत्ता बोललात तेच," ती हसली. "फक्त माझं नाव घेताना एवढं अडखळू नका."