दर खोक्यात एक चूक

पुस्तकांचा खोका घेऊन आलेला माणूस नेहमीचा ड्रायव्हर नव्हता. स्वतःचा शर्ट पावसाने चिंब, आणि रेनकोट मात्र खोक्यावर पांघरलेला.

"ड्रायव्हर आजारी, म्हणून मीच आलो. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मॅडम तुम्हीच ना?"

"आणि चुका करणारे तुम्ही?"

तो हसला... मग मीही.

त्याचं असं झालं होतं. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नव्या पुस्तकांना क्रमांक द्यायचं, लेबलं लावायचं काम शेजारच्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवलं होतं. पुस्तकं खोक्यातून जायची, तयार होऊन परत यायची. मी फक्त तपासायची. दर खोक्यात नेमकी एक चूक सापडायची. एकदा मधमाश्यांचं पुस्तक इतिहासात निघालं. मी चिठ्ठी पाठवली, "या इथे कशा आल्या?" उत्तर आलं, "उडत उडत. माफ करा."

घरी आई म्हणायची, "खोक्याची वाट बघतेस की खोकेवाल्याची?"

आज तो समोर होता, म्हणून विचारलंच. "दर वेळी एकच चूक कशी? कधी दोन नाहीत, कधी शून्य नाही."

तो रेनकोटची घडी घालत राहिला. "बैठकीत ऐकलं होतं... सलग चार खोके बिनचूक आले, की तुमचं तपासणीचं टेबल बंद."

"म्हणजे माझं टेबल तुमच्या दयेवर चाललंय?"

"दया कसली — टेबल गेलं असतं, तर चिठ्ठ्याही गेल्या असत्या."

माझे कान गरम झाले. तरी म्हणाले, "एखादी चूक माझ्या नजरेतून सुटली, तर कुणी पोर परीक्षेच्या तोंडावर ते पुस्तक शोधत फिरेल. यापुढे चूक नको."

"आणि टेबल?"

"जाऊ दे."

पुढचे तीन खोके बिनचूक आले. चिठ्ठी लिहायला जागाच नव्हती. साहेबांनी मला वाचकांच्या काउंटरवर बसायची तयारी ठेवायला सांगितलं.

चौथा खोका मी फार सावकाश तपासला. एकेक लेबल... सगळं बरोबर. तळाशी मधमाश्यांच्या पुस्तकाची दुसरी प्रत होती, आणि तिच्यात ओळखीच्या अक्षरातली चिठ्ठी. "आता लिहायला निमित्त उरलं नाही, म्हणून सरळ विचारतो. चुकांशिवायही मी तुम्हाला आवडेन का?"

त्या टेबलावरची शेवटची चिठ्ठी मी पुढे ओढली. इतक्या महिन्यांत त्याला एकदाही लिहिता आलं नव्हतं, ते लिहिलं.

"तपासले. बरोबर आहे."

आणि खाली माझा फोन नंबर.