एटीकेटी नावाचे गृहस्थ

"माझे चार क्रेडिट कुणीतरी पळवलेत," खुर्चीच्या कडेवर बसलेली अवनी टिपणीस म्हणाली.

शैलेंद्रला आधी क्रेडिट कार्डच आठवलं. त्याची जुनी नोकरी सुटली होती, नवी सुरू व्हायची होती. तोवर तो सिंगापूरच्या सेरंगून रोडवर, मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर असलेल्या वहिनींच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत येऊन बसायचा. वहिनी, म्हणजे विनीता सबनीस, मात्र पुढे झुकून ऐकत होती.

अवनी आणि तिचा वर्गमित्र रुचिर पुण्याच्या एका कॉलेजात दोन वर्षं इंजिनिअरिंग शिकून सिंगापूरच्या खाजगी विद्यापीठात आले होते. तिथले विषय इथे धरले गेले, म्हणून थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. आता पदवी हाताशी आली होती. अशात विद्यापीठातल्या मिस लिम यांना पुण्याहून प्राध्यापक देवांचा फोन आला. त्या वर्षी मोजमापाच्या प्रयोगशाळेत प्रॅक्टिकल झालीच नव्हती, मार्क असेच दिले गेले, असं त्यांनी कळवलं. झालं, त्या विषयाचे चार क्रेडिट अडकले. विषय पुन्हा पुढच्या सत्रात, म्हणजे पदवी सहा महिने लांबली.

"प्रॅक्टिकल मी या हातांनी केलीत," अवनी म्हणाली. "देव सर असं बोलणारच नाहीत. पण त्यांचा नंबर बंद आहे आणि कॉलेज मेलला उत्तर देत नाही."

दोघांनाही आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी लागली होती, ती आता जाणार होती. रुचिरचं तर आणखी कठीण होतं. त्याचा स्टुडंट पास, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, महिनाअखेरीस संपत होता.

मिस लिम नीटनेटक्या आणि जरा धास्तावलेल्या बाई होत्या. सोमवारी साडेआठला कार्यालय उघडलं आणि फोन वाजला, त्यांनी विनीता आणि शैलेंद्रला सांगितलं. नंबर दिसत नव्हता, आवाजात खरखर होती, पुरुष होता एवढंच कळलं. बाहेर प्रॅक्टिकलची परीक्षा चालू आहे, मुलं खोळंबली आहेत, असं म्हणून त्याने घाईने बोलणं उरकलं. एका गृहस्थांचं नाव मात्र त्यांना नीट समजलं नव्हतं. मिस्टर एटीकेटी की असंच काहीतरी. त्यांच्यापासून मुलांना वाचवायला मार्क दिले, असं तो म्हणाला होता.

शैलेंद्रला हसू आवरेना. विनीता हसली नाही. तिने तेवढंच वाक्य त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

संशय घ्यावा असा पहिला राजस, विद्यापीठातला त्यांचा वर्गमित्र. आईवडील मराठी, पण जन्म आणि शाळा इथली. अवनीची नोकरी गेली तर कंपनीच्या यादीत पुढचा तोच होता. विनीताने इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता विचारलं, तुला कधी केटी लागली होती का?

"केटी? विच केटी?" तो अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाला. "आमच्या क्लासमध्ये नो सच गर्ल, ला."

दुसरा रुचिर. वर्षापूर्वी त्याने अवनीला लग्नाचं विचारलं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं. हे त्याने आपणहून सांगितलं. मग म्हणाला, की त्याचेही तेच चार क्रेडिट गेलेत आणि घरी काय सांगायचं ते सुचत नाही.

शेवटी विनीता आणि शैलेंद्र सेरंगूनला टिपणीसांच्या फ्लॅटवर गेली. अवनीचे वडील प्रकाश त्याच आंग मो किओच्या कंपनीत प्लांट मॅनेजर होते. चहा त्यांनी स्वतः केला. मुंबईतले कॉलेजचे दिवस निघाले तसे खुलले. अवनीच्या नोकरीचा विषय निघताच मात्र आक्रसले. बापलेक एका कंपनीत नकोत, हे तिला आधीच बजावलं होतं, म्हणाले. सहा महिन्यांनी काय बिघडतं?

भिंतीशी जुन्या वर्तमानपत्रावर मनीप्लांटची कुंडी होती. तिच्यावर कंपनीच्या सामानाला लावतात तसा नंबर चिकटवलेला होता. शेजारी त्यांच्या नावाची पितळी पाटी आणि वीस वर्षांच्या सेवेचं काचेचं मानचिन्ह. टिपणीसांना झाडांची हौस दिसते, एवढंच शैलेंद्रच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विनीताने अवनी, प्रकाश, रुचिर आणि राजस अशा चौघांना एजन्सीत बोलावलं.

"फोन पुण्याहून आलाच नव्हता," ती म्हणाली. "इथे साडेआठ वाजतात तेव्हा पुण्यात सहा. त्या वेळी कुठलं कॉलेज प्रॅक्टिकल घेतं? खोटं बोलताना माणूस आपल्याच घड्याळात बघतो."

"म्हणजे इथलाच कुणीतरी," शैलेंद्र म्हणाला.

"इथलाच, पण शिकलेला तिकडे. एटीकेटी हे गृहस्थ नाहीत, भाऊजी. नापास विषय घेऊन वरच्या वर्गात जाणं, म्हणजेच केटी. महाराष्ट्रात शिकलेल्याच्या तोंडी हा शब्द सहज येतो. राजसला ती मुलगी वाटली, म्हणून तो सुटला. रुचिर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाही. राहिले मुंबईत शिकलेले."

प्रकाश खाली बघत राहिले.

"कारण मात्र मला कुंडीने सांगितलं. रोज कामावर जाणारा मॅनेजर टेबलावरचं झाड, पाटी, मानचिन्ह घरी का आणेल? आपलं टेबल राहणार नाही, हे त्याला ठाऊक असेल तरच. प्लांट बंद होतोय ना?"

प्रकाशनी कबूल केलं. प्लांट सप्टेंबरमध्ये बंद होणार होता. कुणाला सांगणार नाही, अशी सही त्यांच्याकडून घेतली होती. रुजू झाली असती तर दोन महिन्यांत अवनीची नोकरीही गेली असती आणि तिच्यावर मिळालेला पासही. सत्र लांबलं तर तोवर बातमी फुटेल आणि ती दुसरीकडे बघेल, असा त्यांचा हिशेब होता.

"आणि मी?" रुचिरने विचारलं.

"तुझा विचार माझ्या मनातच आला नाही," प्रकाश म्हणाले.

मग अवनी म्हणाली, "मला सांगायचं होतंत, बाबा. मी कुणाला बोलले नसते."

"रुचिरला सांगितलं असतंस."

"हो. सांगितलं असतं. राजसलाही. आणि तेच बरोबर झालं असतं."

राजस अवघडून खिडकीबाहेर बघत राहिला. अवनीने पर्स उचलली. मिस लिम पाचपर्यंत असतात, जे फोनवर बोललात ते खोटं होतं हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं, असं तिने वडिलांना सांगितलं. त्याचे परिणाम काय होतील ते त्यांनी विचारलं नाही. ते उठले. रुचिरही त्यांच्याबरोबर निघाला.

शैलेंद्र खिडकीशी गेला. खाली तिघं लिटिल इंडिया स्टेशनच्या दिशेने निघाली होती. अवनी झपाझप पुढे गेली, मागे वळलीसुद्धा नाही. प्रकाश रेंगाळत मागे पडले. सिग्नलपाशी हिरवा दिवा लागला तरी रुचिर रस्ता ओलांडेना. ते येईपर्यंत तो तिथेच थांबला.